कामाचे स्वरूप: मदत करणे

अर्जात ‘कामाचे स्वरूप’ या मथळ्यासमोर तीन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या, आणि मसुदेसाहेबांना त्यांतल्या दोन जास्त वाटल्या.

मसुदे हे त्यांचं आडनाव नव्हे. चौतीस वर्षं आस्थापना शाखेत बसून त्यांनी लोकांचे मसुदे तपासले, भल्याभल्यांच्या दहा ओळींची दीड ओळ केली, आणि निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या मानपत्रातल्या दोन चुका लाल शाईने दुरुस्त करून मगच ते स्वीकारलं. तेव्हा कार्यालयाने ठेवलेलं नाव त्यांच्यामागून घरी आलं. घरी आता दुरुस्त करण्यासारखं फारसं काही नसायचं. दूधवाल्याची पावती आणि लिफ्टमधली सूचना यांच्यावर भागवावं लागायचं.

अर्ज होता ताईंचा. ताई म्हणजे साहेबांच्या आईला दिवसभर सांभाळणाऱ्या बाई. आईंचं वय सत्त्याऐंशी. दीड वर्षापूर्वी झटका आला आणि डावं अंग गेलं. जीभ मात्र शाबूत राहिली. किंबहुना डाव्या अंगातली सगळी ताकद पळून तिथेच जमा झाली, असं साहेबांचं खाजगी मत होतं. ताई एका संस्थेमार्फत यायच्या. संस्थेच्या लेखी त्या ‘बावीस नंबर’ होत्या, आणि हे बावीस नंबरचं काम त्या एकोणीस वर्षं करत होत्या.

आता नवा नियम निघाला होता. घरोघरी रुग्ण सांभाळणाऱ्या प्रत्येकाने नोंदणी करायची. वर्ग दोन: ‘काळजीवाहक, कुशल’ आणि ‘मदतनीस, सर्वसाधारण’. मदतनिसाने केर काढावा, कपडे धुवावेत, औषधं आणावीत, पण रुग्णाच्या अंगाला हात लावायचा नाही. कोण कुठल्या वर्गात हे ठरणार त्या तीन ओळींवरून, आणि त्या ओळी भरायच्या रुग्णाच्या घरच्यांनी.

“तुम्हाला सवड होईल तेव्हा भरा, साहेब,” ताई म्हणाल्या.

“सवड कसली? दोन मिनिटांचं काम!” साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं: ‘रुग्णास दैनंदिन बाबींत मदत करणे.’ खाली सही ठोकली. सहीच्या खाली ते नेहमी एक रेघ ओढत, तीही ओढली.

ताईंनी कागद वाचला. “एवढंच?”

“ताई, वाचणाऱ्याला वेळ नसतो. नेमकं लिहिलं की काम फत्ते.”

ताई ‘बरं’ म्हणाल्या. त्या दिवशी सकाळपासून त्यांनी आईंना उठवलं होतं, अंघोळ घातली होती, भरवलं होतं, हसवलं होतं आणि दोनदा भांडून औषध घ्यायला लावलं होतं. पण साहेबांसारख्या अनुभवी माणसाला काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असावं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. इथे शहाण्याने तो दुसऱ्याला दिला होता.

आठ दिवसांनी ताईंचं ओळखपत्र आलं. ‘मदतनीस, सर्वसाधारण.’ त्याच दिवसापासून लागू.

साहेब तसेच चपला घालून नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीपलीकडच्या कारकूनबाईंनी अर्ज शोधून काढला आणि कौतुकाने बघितला. “तुमचंच अक्षर का हो? काय सुरेख आहे! असे स्वच्छ अर्ज आले ना, तर आमचं काम किती सोपं होईल. ‘मदत करणे’ लिहिलंय, म्हणून मदतनिसात टाकलं. अजिबात शंका आली नाही बघा.”

साहेबांच्या कानशिलांना मुंग्या आल्या. चौतीस वर्षांत त्यांच्या मसुद्याचा इतका अचूक अर्थ कुणी लावला नव्हता. “पण कुशल म्हणजे काय, हे तुमच्याकडे कुठे लिहिलंय का?”

“आहे ना.” बाईंनी पुस्तिका उघडली. “‘जे काम साधारण समज असलेल्या व्यक्तीस पंधरा दिवस शिकवूनही नीट करता येत नाही, ते कुशल.’ तुम्ही अपील करा. पंधराव्या दिवशी आमच्या पडताळणी अधिकारी घरी येतील. आधी ती साधारण व्यक्ती काम करून दाखवेल, मग तुमच्या ताई. फरक दिसला की वर्ग बदलला.”

“आणि ही साधारण व्यक्ती आणायची कुठून?”

कारकूनबाईंनी चष्म्यावरून साहेबांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. “घरात कुणी असेलच की,” त्या म्हणाल्या.

अपमान गिळून साहेबांनी अपील भरलं, आणि घरी येऊन संस्थेला फोन लावला. संस्थेने बजावलं की तोवर बावीस नंबरने रुग्णाला बोट जरी लावलं तरी नाव कायमचं कमी होईल; मग एकोणीस वर्षं असोत नाहीतर नव्वद.

“मग दुसरं कुणी कुशल पाठवा.”

“कुशल वर्गात अजून कुणाचीच नोंद झालेली नाही, साहेब. पहिली यादी पुढच्या महिन्यात लागेल.”

“आणि तोपर्यंत आईला उठवायचं कुणी?”

“घरच्यांना हात लावायची पूर्ण परवानगी आहे,” संस्था उदारपणे म्हणाली.

घरचे म्हणजे साहेब. पत्नी दोन महिन्यांसाठी लेकीकडे गेल्या होत्या. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “ते वाक्य तुम्हीच लिहिलंत का?” साहेबांनी विषय बदलला, तेव्हा त्यांना उत्तर मिळालं.

बातमी मजल्यावर पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या काकू दारातच म्हणाल्या, “कशाला नसत्या लष्कराच्या भाकऱ्या भाजता? आणि कुशल झाली की ती तुमच्याकडे राहील होय? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. अशा माणसांना डोक्यावर बसवलं की ती कानात बोलायला लागतात.” वरच्या मजल्यावरच्या वकिलांचं मत वेगळं होतं. त्यांनी ‘कुशल’ची व्याख्या दोनदा वाचली, जिना उतरून खाली आले, आणि साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “केस भक्कम आहे. तुम्हाला फक्त नापास व्हायचंय. त्यात तुम्ही काही कसर ठेवणार नाही, याची मला खात्री आहे.”

साहेबांच्या मनात मात्र वेगळंच होतं. ताईंचं काम बिघडवलं आपण, ते निस्तरायचंही आपण, पण नापास? आईला खुर्चीत बसवायला? ज्या माणसाने एकशे चाळीस कर्मचाऱ्यांची सेवापुस्तकं सांभाळली, त्याला एक आई सांभाळता येणार नाही?

पहिल्या सकाळी ताई आईंच्या पलंगाशी उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या त्या दिसत होत्या. आईंनी सवयीने उजवा हात त्यांच्याकडे पसरला. ताईंचे खांदे किंचित पुढे आले आणि थांबले.

“आजी, आजपासून साहेब करणार.”

“काय करणार?” आईंनी विचारलं.

“तुला उठवणार,” साहेब म्हणाले, आणि वाकून त्यांनी आईंना काखेत धरलं.

“थांबा!” ताईंचा आवाज इतका कडक असू शकतो हे साहेबांना दीड वर्षात कळलं नव्हतं. “आधी सांगा. मग हात लावा.”

“काय सांगू?”

“काय करणार ते. कुठे धरणार ते. अंगावर अचानक कुणाचे हात आले तर तुम्हाला चालेल का? आणि डाव्या खांद्याला ओढायचं नाही. तो खांदा आता नुसता लोंबकळतोय, निखळेल.”

साहेबांनी घसा साफ केला. “आई, मी आता तुला, म्हणजे तुझ्या उजव्या... सदर बाजूस... धरणार आहे.”

“धर बाबा,” आई म्हणाल्या. “नोटीस मिळाली.”

त्या पहिल्या दिवशी अंथरुणातून चाकांच्या खुर्चीपर्यंतच्या अडीच फुटांना पन्नास मिनिटं लागली. खुर्ची उजव्या बाजूला लावायची, म्हणजे आईंची चांगली बाजू पुढे होते. साहेबांनी ती डाव्या बाजूला लावली. चाकांना खटका असतो. साहेबांनी तो लावला नाही, आणि खुर्ची शांतपणे मागे सरकून कपाटाला टेकली. आई अर्धवट उभ्या, साहेब अर्धवट वाकलेले, दोघं एकमेकांच्या गळ्यात. ना वर जाता येईना ना खाली. ताईंना धावून यायचं होतं आणि येता येत नव्हतं. त्या जागच्या जागी दोन पावलं पुढे, दोन मागे करत होत्या आणि म्हणत होत्या, “तुमचा गुडघा त्यांच्या गुडघ्यासमोर, साहेब! डाव्या गुडघ्यासमोर! तो दुमडतोय. आता हळू, मागे पलंगावर बसवा. घाई नाही. आजी, पुढे वाका, नाक पायाच्या अंगठ्याकडे.” एखाद्याने उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा हा प्रकार दिसायला होता. पण आश्चर्य असं, की शेळ्या खरंच योग्य दिशेने जात होत्या. केवळ आवाजावर ताईंनी दोन माणसांना पुन्हा पलंगावर सुखरूप बसवलं.

आई धापा टाकत म्हणाल्या, “तू चालायला शिकत होतास, तेव्हा मी तुला असा गळ्यात अडकवून घेतला नव्हता.”

त्या दिवसापासून साहेबांनी वही केली. निरीक्षण नोंदवल्याशिवाय त्यांना काही पटत नसे. पहिल्या पानावर त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘रुग्ण हाताळणी: सूचना’, आणि त्याखाली एक ते दहा आकडे आधीच घातले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते एकशे सदतिसाव्या सूचनेवर होते आणि अजून अंघोळ सुरू व्हायची होती.

कारण प्रत्येक गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट निघायची. गाऊन घालायचा तर आधी लुळा हात, मग चांगला. काढायचा तर आधी चांगला, मग लुळा. साहेबांनी उलट केलं आणि आई पाऊण तास एका बाहीत अडकून बसल्या. त्या अवस्थेत त्यांनी साहेबांचं बालपण सविस्तर सांगितलं. पाणी गरम आहे का हे लुळ्या हातावर बघायचं नाही, तो भाजला तरी बोलणार नाही. उजव्या हातावर बघायचं, आणि त्याआधी स्वतःच्या कोपरावर. चादरीला एक सुरकुती राहिली तर संध्याकाळपर्यंत पाठीवर तिची लाल रेघ उमटते. टाचा कशालाही टेकू द्यायच्या नाहीत. साहेबांनी आयुष्यात चादरीच्या सुरकुतीकडे या नजरेने पाहिलं नव्हतं. आता ते तळहात फिरवून सुरकुत्या शोधायचे, आणि ताई लांबूनच म्हणायच्या, “उजव्या कोपऱ्यात आहे अजून एक.” असायची!

एकदा चहा पाजताना घोट घेऊन आई म्हणाल्या, “साखर कमी आहे.” तक्रार रोजचीच, साहेबांनी दुर्लक्ष केलं. ताई मात्र दारातून दोन पावलांत आत आल्या.

“कप खाली ठेवा. आजी, ‘आ’ म्हणा. आवाज ओला आलाय. चहा चुकीच्या वाटेने जातोय, साहेब. हनुवटी छातीकडे घ्यायला सांगा, खोकू द्या. आता पुढचा घोट नाही. आवाज कोरडा होईपर्यंत थांबायचं.”

साहेबांनी कान देऊन ऐकलं. त्यांना आवाज नेहमीसारखाच वाटला, थोडा जास्त रागावलेला. पण आई खोकल्या, पुन्हा ‘आ’ म्हणाल्या, आणि या वेळी साहेबांना फरक ऐकू आला, सांगितल्यावर. आवाज ओला असतो आणि कोरडा असतो! त्यांनी मान वर करून ताईंकडे पाहिलं. ही बाई दीड वर्षं रोज आपल्या घरात माणसाचा आवाज असा ऐकत होती, आणि आपण शेजारच्या खोलीत बसून वर्तमानपत्रातल्या मुद्रणदोषांवर खुणा करत होतो. साहेबांना मनापासून लाज वाटली. ती त्यांनी वहीत लिहिली नाही.

सगळ्यात अवघड होतं ते तोंड धुणं. ताई ओला रुमाल आईंच्या उजव्या हातात द्यायला सांगत आणि मग गप्प राहायचं. आई रुमाल गालापर्यंत न्यायच्या, विसरायच्या, पुन्हा न्यायच्या. अकरा मिनिटं. साहेबांचे हात शिवशिवायचे.

“मी पटकन पुसून टाकू का, ताई? दहा सेकंदांचं काम.”

“पुसाल तुम्ही. पण तोंड त्यांचं आहे,” ताई म्हणाल्या. “दिवसभरात एवढीच एक गोष्ट त्यांच्या हातात राहिलीय. ती तुम्ही घेतलीत तर उरलं काय?”

साहेब मुकाट्याने खाली बसले. अकराव्या मिनिटाला आईंनी रुमाल परत दिला आणि विजयी मुद्रेने विचारलं, “झालं ना स्वच्छ?” काहीच न करता असं जवळ बसून राहणं हे काम असतं, आणि ते इतकं कठीण असतं, हे त्यांना साठी उलटल्यावर कळलं.

दहाव्या दिवसापर्यंत साहेबांची कंबर धरली, गुडघे वाजायला लागले, आणि तरीसुद्धा हळूहळू त्यांना जमायला लागलं. अडीच फुटांची वेळ पन्नास मिनिटांवरून बारावर आली, मग सातवर. तेराव्या दिवशी आई खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “आज काही दुखलं नाही रे.” साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई हसल्या, अगदी मनापासून, आणि म्हणाल्या, “छान केलंत.”

पण माणूस मूळ स्वभावावर जातो म्हणतात ते खोटं नाही. ही शाबासकी साहेबांच्या डोक्यात गेली. चौदाव्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी ते पहाटेच उठले आणि ताई यायच्या आत आईंना तयार करून ठेवलं: अंग पुसलेलं, दोन्ही हात नीट बाह्यांत, पायांत मोजे, वर चादर गुळगुळीत. ताई आल्या की सगळं कसं टापटीप दिसायला हवं.

वकील मात्र अस्वस्थ झाले होते. “अहो, तुम्ही चांगलं करायला लागलात तर केस गेली! आज जरा विसरा काहीतरी. खटका लावू नका.”

“आईला पाडू?”

“पाडू नका हो. पण डगमगू द्या.”

“खबरदार!” आई आतून ओरडल्या. त्यांचे कान उजव्या अंगासारखेच तयार होते. “आज परक्या माणसासमोर माझं हसं केलंस तर बघ.”

अशी ही इकडे आड तिकडे विहीर. नीट केलं तर ताईंचं एकोणीस वर्षांचं काम कायमचं जाणार. वाईट केलं तर आई पडणार. साहेबांनी ताईंनाच विचारलं, कारण दुसऱ्या कुणाला विचारावं असं त्यांना आता वाटेनासं झालं होतं.

“नीट करा,” ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज सरळ होता. “माझ्यासाठी आजींना डगमगू द्यायचं? मग मी कसली कुशल?”

दहा वाजता पडताळणीबाई आल्या. ठेंगण्या, मितभाषी, हातात फळी आणि फळीला लावलेला तक्ता. त्यांनी चहा नको म्हटलं, खुर्ची घेतली आणि म्हणाल्या, “सुरू करा. आधी साधारण व्यक्ती.”

साधारण व्यक्ती पुढे आली. साहेबांनी हात धुतले, खुर्ची उजवीकडे लावली, खटका दाबला. “आई, मी आता तुझ्या कमरेला धरतोय. तीन म्हटलं की पुढे वाकायचं.” एक, दोन, तीन, आई उभ्या राहिल्या, वळल्या आणि खुर्चीत बसल्या. पाच मिनिटं. अगदी पुस्तकात असावं तसं. आई तर पडताळणीबाईंकडे बघून अभिमानाने हसल्या.

पडताळणीबाईंनी तक्त्यावर खूण केली. “जमलं की यांना.” त्यांनी मान वर केली. “पंधरा दिवसांत जमलं, म्हणजे नियमाप्रमाणे...”

बाकीचं त्यांनी बोलायची गरज नव्हती. दारात उभ्या वकिलांनी कपाळाला हात लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच, असं साहेबांच्या मनात आलं. आयुष्यात पहिल्यांदा हातांनी करायचं एक काम नीट केलं, आणि त्यानेच ताईंचं काम काढून घेतलं.

“तरी रीत म्हणून तुमचंही बघते,” पडताळणीबाई ताईंना म्हणाल्या. “चाचणीपुरती हात लावायची परवानगी आहे. यांना परत पलंगावर घ्या.”

ताईंनी हात धुतले. पुसून ते एकमेकांवर चोळून गरम केले. पंधरा दिवसांनी त्या आईंच्या समोर गुडघ्यांवर बसल्या.

“आजी, मी पायांना हात लावते हं.”

“कधीची वाट बघतेय मी,” आई म्हणाल्या.

ताईंनी उजव्या पोटरीवर हाताची मागची बाजू टेकवली. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. त्यांनी डावा मोजा खाली ओढला आणि थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं पुसलं गेलं, नोंदणी, नियम, पडताळणीबाई, सगळं. “साहेब, मोजपट्टी द्या.”

साहेबांनी शिवणाच्या डब्यातून पट्टी आणली. ताईंनी दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी दोन बोटं जास्त भरली. मोज्याच्या काठाचा खोल वळ उमटला होता.

“हा पाय गरम आहे आणि सुजलाय. एकच पाय. आजींना यातलं काही जाणवत नाही, म्हणून त्या बोलल्या नाहीत. आता यांना उठवायचं नाही. पाय चोळायचा नाही, कुणीही नाही. डॉक्टरांना बोलवा. आत्ता.”

“पण प्रात्यक्षिक...” पडताळणीबाई म्हणाल्या.

“राहू द्या ते, बाई.”

वकील जिन्याकडे धावले. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर घरीच होते. साहेब भिंतीला टेकून उभे होते. गेले दोन दिवस डावा मोजा चढवताना त्यांना जोर लावावा लागत होता. धुऊन आटला असेल, असं समजून त्यांनी वहीत व्यवस्थित नोंद केली होती: ‘डावा मोजा घट्ट. नवीन जोड आणणे.’ वेळसुद्धा लिहिली होती.

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि लगेच रुग्णवाहिका मागवली. शिरेत रक्ताची गाठ झाली असावी, असं ते म्हणाले. ती सुटून वर छातीत गेली असती तर बोलायलाही वेळ मिळाला नसता. “कुणाच्या लक्षात आलं?” त्यांनी विचारलं. साहेबांनी नुसतं बोट दाखवलं.

रुग्णवाहिका येईपर्यंत ताई आईंचा उजवा हात धरून बसल्या होत्या. त्यांचा आवाज चढला नाही. “पंधरा दिवस माझे हात पाठीमागे होते, बाई. रोज सकाळी मोजा मी घालत असते तर कालच कळलं असतं. डोळ्यांना सगळं दिसत नाही. साहेबांनी मन लावून केलं, मी शिकवलं तेवढं सगळं केलं. जे शिकवायचं सुचलंच नाही ते त्यांना कुठून येणार? ते माझ्या हातातच आहे. आता हे तुमच्या तक्त्यात कुठे बसतं ते तुम्ही बघा.”

पडताळणीबाईंनी तक्त्याकडे पाहिलं. मग त्या साहेबांकडे वळल्या. “माझ्या तक्त्यात तुम्हाला जमलं असं आलंय. ते खोडायचं तर मला तुमचा लेखी जबाब लागेल.”

साहेब जेवणाच्या टेबलाशी बसले. सवयीने त्यांनी आधी कच्चा कागद ओढला, मग तो बाजूला सारला आणि थेट पक्क्या कागदावर लिहिलं: ‘मी हे काम पंधरा दिवस केले. मला ते येते असे मला वाटले. माझ्या आईच्या पायाला हात लावून मला मोजा घट्ट असल्याचे कळले. त्याच पायाला हात लावून यांना माझ्या आईचा जीव धोक्यात असल्याचे कळले. मला हे काम येत नाही.’ खाली सही केली. रेघ ओढायची राहून गेली.

पडताळणीबाईंनी जबाब वाचला, तक्त्याला जोडला आणि कुणाला काही न सांगता ताईंसमोर उभ्या राहून, एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला करावा तसा, वाकून नमस्कार केला. साहेबांना ते मुळीच वावगं वाटलं नाही. त्यांना फक्त एवढंच वाटलं, की हे आपल्याला आधी सुचायला हवं होतं.

आई आठव्या दिवशी घरी आल्या. रुग्णालयातल्या सगळ्या परिचारिकांची हजेरी घेऊन आल्यामुळे त्या खुशीत होत्या. त्याच आठवड्यात ताईंचं नवं ओळखपत्र आलं, ‘काळजीवाहक, कुशल’, आणि त्यामागोमाग नोंदणी कार्यालयाचं पत्र: नव्या लोकांना शिकवायला आठवड्यातून तीन दुपारी येता येईल का?

“बघा!” समोरच्या काकू म्हणाल्या. “मी म्हटलं नव्हतं, हातची जाईल म्हणून?”

साहेबांना धास्ती वाटली होती, हे खरं. पण त्यांना काकूंचा राग आला नाही. ताईंच्या हातात जे आहे ते आणखी चाळीस हातांत गेलं, तर चाळीस घरांतल्या आया वाचतील. हा हिशेब त्यांना आस्थापनेतल्या कुठल्याही हिशेबापेक्षा सरळ वाटला. त्यांनी ताईंना फक्त एवढंच विचारलं, “त्या तीन दुपारी आईकडे कोण?”

“तुम्ही.”

“मी? मी तर लेखी दिलंय, मला येत नाही म्हणून.”

“म्हणूनच,” ताई म्हणाल्या. “येत नाही हे ज्याला कळलं, त्याच्याकडे सोपवून जायला मला भीती वाटत नाही.” त्या आईंच्या पलंगाशी गेल्या, चादरीवरून तळहात फिरवला, एक सुरकुती काढली आणि वळून म्हणाल्या, “फक्त एक करा, साहेब. मोजा घट्ट वाटला तर वहीत लिहीत बसू नका. मला फोन करा.”

“हो, ताई,” साहेब म्हणाले.